विश्वामित्रीच्या वळणावरची सोसायटी: खोलीकरणाने पूर उतरेल का, आणि खचणारा काठ कसा धरायचा?

काठावरचा_बडोदेकर

नमस्कार मंडळी. बडोदा शहराच्या उत्तर अंगाला विश्वामित्री नदीच्या एका वळणावर आमची सोसायटी आहे. जागा साधारण एक हेक्टर. नदी आमच्याच बाजूला घासून जाते. समोरच्या काठाला उतार सौम्य आहे, तिथे गाळ आणि रेती साचते. आमचा काठ तळापासून ७ मीटर उंच आणि जवळजवळ उभा. काठापासून ४ मीटर आत विटांची कंपाउंड भिंत, तिला लागून पार्किंगचे पेव्हर. पुराचं पाणी उतरल्यावर पेव्हरमध्ये नदीला समांतर अशी लांब भेग पडलेली दिसली, रुंदी २ सेंटिमीटरच्या आसपास. भिंतही नदीकडे किंचित कलली आहे.

मीटिंगमध्ये एक गट म्हणतो, आता नदी खोल केली आहे, काळजी नको. दुसरा म्हणतो, नदी सरळ करा असा अर्ज देऊ. तिसऱ्याला गॅबियन (दगड भरलेल्या जाळीच्या पेट्या) हवेत, चौथ्याला आरसीसी भिंत. आणि एक गोष्ट कुणालाच कळत नाही: पाणी काठावरून यायच्या आधीच गटाराच्या चेंबरमधून आत कसं येतं?

जाणकारांनी नीट, आकड्यांसकट सांगावं. कोटेशन मागवायच्या आधी विषय समजून घ्यायचा आहे.

वळणवाट

सरळ करण्याचा अर्ज आधी फाडून टाका. कारण असं.

विश्वामित्री पावागढच्या डोंगरातून निघते आणि थोड्याच अंतरात सपाटीला लागते. सपाटीचा उतार मंद, माती गाळाची आणि मऊ, मधूनमधून कंकराचे (चुनखडीच्या खड्यांचे) थर. अशा मातीत प्रवाह सरळ राहत नाही. तो जरा वाकला की वरचं वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे फेकलं जातं, तिथे खाली बुडी मारतं आणि तळावरून रेती ओढत आतल्या काठाकडे चढतं. पाणी मळसूत्रासारखं पीळ घेत पुढे सरकतं म्हणा ना. म्हणून तुमच्या काठाचा पाया कुरतडला जातो आणि समोर रेतीची जीभ वाढते. दोन्ही एकाच पिळाची कामं आहेत. समोरची रेती काढली म्हणून तुमचा काठ वाचत नाही. पुढच्या पुरात ती परत तिथेच बसते.

यातली एक बाब सोसायटीच्या कामाची आहे. सगळ्यात जास्त झीज वळणाच्या ऐन माथ्यावर होत नाही, माथा ओलांडून थोडं खालच्या अंगाला होते. वळणं हळूहळू खाली सरकतात ती त्यामुळेच. तुमच्या हद्दीचा खालचा अर्धा भाग आधी तपासा.

आता सरळ केलं तर काय? समजा वळसा ९०० मीटरचा आहे आणि सरळ काप ३०० मीटरचा. पाण्याला उतरायची उंची तेवढीच, अंतर एक तृतीयांश, म्हणजे उतार तिप्पट. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तेव्हा तो सुमारे १.७ पट होईल. त्या वेगाने नदी वरच्या अंगाला तळ खोदत जाते, पुलांचे पाये उघडे पाडते आणि खाली गेल्यावर नवी वळणं पाडायला घेते. वळणांची लांबी साधारण पात्राच्या रुंदीच्या १० ते १४ पट असते. ४० मीटर रुंद पात्राला ४०० ते ५५० मीटरचं एक वळण हवंच असतं. तुम्ही मोडलंत तर ती दुसऱ्याच्या अंगणात पाडेल.

लेव्हल_आणि_स्टाफ

खोलीकरणाबद्दल. २०२५ च्या उन्हाळ्यात शहरातल्या सुमारे २४ किलोमीटर पट्ट्यात गाळ काढला, पात्र रुंद केलं. त्याचा उपयोग आहे, पण लोक समजतात तो नाही.

लोकांच्या डोक्यात टाकीचं चित्र असतं: खोल केली म्हणजे जास्त पाणी मावेल. हिशेब करून बघा. पात्र ३० मीटर रुंद धरलं आणि अख्खे २४ किलोमीटर १ मीटर खोल केले, तर जागा झाली ७.२ लाख घनमीटर. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात २४ तासांत ५०० मिमीच्या आसपास पाऊस झाला. तेवढा पाऊस एका चौरस किलोमीटरवर पडला तरी ५ लाख घनमीटर होतो. म्हणजे ही सगळी खोदाई दीड चौरस किलोमीटरच्या पावसात भरली. मावण्याच्या दृष्टीने ती किरकोळ आहे.

खरा फायदा पाणी वाहून नेण्यात. पात्रातून किती पाणी वाहेल ते काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात खडबडीतपणाचा एक आकडा असतो. गांडो बावळ (वेडी बाभूळ), जलपर्णी, राडारोडा यांनी भरलेल्या पात्राला तो ०.०६ च्या घरात धरतात, साफ मातीच्या पात्राला ०.०३. आकडा निम्मा झाला की त्याच पात्रातून दुप्पट पाणी जातं. म्हणून मधल्या वाहत्या भागातली झुडपं काढणं हे खोदण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त परिणामकारक. मधल्या भागातली म्हणतोय, काठाच्या उतारावरची मुळं नव्हे. तिथे जेसीबी फिरवला की पहिल्याच पावसात काठ उघडा पडून वाहून येतो, आणि काढलेला गाळ नवा होऊन परत तळाशी.

पण पाणी पुढे जायला खाली जागा हवी. विश्वामित्री पुढे ढाढरला मिळते. मोठा पाऊस दोन्ही नद्यांवर एकदमच पडतो. ढाढर फुगलेली असली की विश्वामित्रीचं पाणी तुंबतं आणि त्याची फूग मागे मागे चढत येते. त्या वेळी इथला तळ कितीही खोल असो, पाण्याची वरची पातळी खालचं पाणी ठरवतं. शिवाय वरून आजवा धरणाचं पाणी आहेच. सयाजीरावांच्या वेळच्या त्या धरणाला ६२ दरवाजे आहेत, आणि धरणाच्या अडवणुकीत न येणारं शेतांचं आणि कांसांचं (नाल्यांचं) पाणी वेगळंच. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस काळाघोड्याला (शहरातल्या ज्या पुलापाशी पुराची पातळी मोजतात तिथे) पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी २६. एवढा फरक नुसत्या गाळ काढण्यावर ढकलता येत नाही.

खोदाईत चुका कुठे होतात ते लिहितो, अर्ज करताना उपयोगी पडेल.

खोदाई नदीच्या खालच्या अंगाकडून वरच्या अंगाकडे यायला हवी. मधलाच तुकडा खोल केला तर खालच्या उंच तळामुळे तिथे डबकं होतं. पहिल्या दोन पुरांत ते गाळाने भरतं, पैसे पाण्यात. आणि खड्ड्याच्या वरच्या टोकाला तळात जी पायरी तयार होते, ती पाण्याच्या माऱ्याने कोसळत कोसळत मागे सरकते. वाटेत पूल, पाइपलाइन, काठ जे येईल त्याचा पाया उघडा होतो.

दुसरं, काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवणं. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दोन टनांच्या जवळपास जातं. उभ्या काठाच्या डोक्यावर असा ढीग म्हणजे काठ ढासळायला आमंत्रण. त्याहून वाईट म्हणजे तोच गाळ बाजूच्या कोतरात (नदीला मिळणाऱ्या घळीत) ढकलतात. १ हेक्टर कोतर २ मीटर भरलं की २० हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटरची जागा गेली. नदीतून काढलं ते कोतरात घातलं, बेरीज शून्य.

मागायचंच असेल तर महापालिकेकडे दोन कागद मागा: पात्राचा लांबीचा छेद, म्हणजे तळाची पातळी दर ५० मीटरला खोदाईपूर्वी आणि नंतर, आणि गाळ कुठे टाकला त्याची नोंद. या दोन कागदांवरून काम कसं झालं ते घरबसल्या कळतं.

काठावरचा_बडोदेकर

हिशेब वाचून डोळे उघडले. आमच्या शेजारचं कोतर गेल्या काही वर्षांत भरून सपाट झालंय, त्यावर आता गाड्या लागतात. ते परत उघडता येईल का? आणि भिंतीचं काय करावं? एका ठेकेदाराने काठाला सिमेंटचा थर मारून देतो असं सांगितलंय, आठ दिवसांत काम.

दगडमाती

बडोदेकर, तो सिमेंटचा थर अजिबात मारू नका. सांगतो.

तुमचा काठ पूर चढताना पडला नाही, उतरल्यावर भेग दिसली, बरोबर? तेच नेहमी होतं. पाणी काठोकाठ असतं तेव्हा ते बाहेरून काठाला टेकू देतं. तीन-चार दिवस माती पाणी पिऊन जड होते. मग नदी दोन दिवसांत चार-पाच मीटर उतरते, टेकू जातो, पण मातीतलं पाणी तेवढ्या लवकर निघत नाही. ते आतून बाहेर ढकलत राहतं. मातीचा धर कमी, वजन जास्त, खाली पाया आधीच खाल्लेला. मग काठाला समांतर भेग पडते आणि अख्खा कापा खाली बसतो. सिमेंटचा थर मारलात तर आतल्या पाण्याची वाट बंद होईल आणि थर पापडासारखा सुटून येईल.

आता लगेच करायचं ते फुकटातलं आहे. गच्चीचे पन्हाळी पाइप, कूलरचं पाणी, बागेचा नळ, शोषखड्डा, यातलं काही काठाकडच्या बाजूला उतरत असेल तर रस्त्याकडे वळवा. भेग चिकण मातीने ठोकून बंद करा, वरून प्लॅस्टिक अंथरा, म्हणजे पावसाचं पाणी भेगेत साठून पाचर मारणार नाही. सिमेंटने भरू नका, ते हलत्या मातीबरोबर सुटतं आणि खालची हालचाल दिसत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकून त्यांमधलं अंतर दर रविवारी टेपने मोजा, तारखेसह लिहा. अंतर वाढत असेल आणि वाढीचा वेगही वाढत असेल (एका आठवड्यात १ मिमी, पुढच्यात ३) तर त्या पट्ट्यातल्या गाड्या हलवा आणि माणसांना जाऊ देऊ नका. गाड्या तशाही हलवायलाच हव्यात, काठाच्या डोक्यावरचं वजन आहे ते.

कायमच्या कामाचा जीव पायथ्यात आहे. वरचा उतार कितीही देखणा बांधा, पायथा खचला की सगळं घसरतं. पायथा किती खोल न्यायचा हे लेसीच्या सूत्राने काढतात. नमुना म्हणून प्रवाह सेकंदाला ५०० घनमीटर आणि रेती ०.२ मिमी धरली तर गाळगुणक (रेतीच्या कणाच्या आकारावरून निघणारा आकडा) ०.७९ च्या जवळ येतो आणि झिजेची सामान्य खोली सुमारे ४.१ मीटर. वळणावर ती वाढवतात: मध्यम वळणाला दीडपट, तीव्र वळणाला पावणेदोनपट. म्हणजे पुराच्या पातळीपासून ६ ते ७ मीटर खाली. खरा प्रवाह आणि मातीचा नमुना घेऊन हे तुमच्या जागेसाठी करून घ्या. ज्या कोटेशनमध्ये हा आकडा नाही ते बाजूला ठेवा.

एवढं खोल खणणं नेहमी जमत नाही. तेव्हा पायथ्याशी नदीच्या बाजूला दगडांचा सैल गालिचा पसरतात, रुंदी तळाखालच्या अपेक्षित झिजेच्या दीडपट. नदीने खालून खाल्लं की दगड आपोआप घरंगळून उतारावर बसतात. आरसीसी भिंतीला ही सोय नाही. ती ताठ उभी राहते, खालची माती गेली की एका दिवसात आडवी होते.

दगड किती मोठा? पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर असेल तर १७ सेंटिमीटरचा, साधारण ६ किलोचा दगड टिकतो. वेग ३ मीटर झाला की लागतो ३८ सेंटिमीटरचा, ७० किलोच्या वरचा. वेग दीडपट, वजन अकरा पट. हाताने उचलून ठेवलेला दगड वळणावर का वाहून जातो ते यातच आलं. तेवढे मोठे दगड मिळत नसतील तिथे गॅबियन घ्या: १५ ते २५ सेंटिमीटरचे दगड जाळीच्या पेटीत. या नदीत सांडपाणी आहे, नुसती जस्ताची तार लवकर गंजते, म्हणून पीव्हीसी लेप असलेलीच जाळी. आणि पेटीच्या पाठीशी जिओटेक्स्टाइलचं (पाणी सोडणारं पण माती अडवणारं) कापड हवंच. कापड नसेल तर पाणी उतरताना पाठीमागची बारीक माती दगडांच्या फटींतून धुऊन जाते. वरून पेट्या शाबूत दिसतात आणि मागे पोकळी. गॅबियन ‘फेल’ गेल्याच्या बहुतेक तक्रारींत आत हेच निघतं.

वरचा उतार २ आडवा १ उभा, किंवा त्याहून सपाट. ७ मीटर उंचीला म्हणजे १४ मीटर आडवी जागा, शिवाय उताराच्या मध्ये एक पायरी. तुमच्याकडे भिंतीपुढे ४ मीटर आहेत. तेव्हा भिंत आत घ्यावी लागेल. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण नदीच्या बाजूला भर घालून जागा करणं हा त्याचा पर्याय होऊ शकत नाही.

वाळा

दगडमातींचं पायथ्याबद्दल पटतं. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा काठ दगडाने मढवायची गरज नाही. पुराचा मारा खाली जास्त. वरचा उतार वाळ्याने धरता येतो. त्याची मुळं सरळ खाली २ ते ३ मीटर जातात. कोंब १५ सेंटिमीटरवर, ओळी उताराला आडव्या, दोन ओळींत उभं अंतर एक ते दीड मीटर. लावताना पात २० सेंटिमीटरवर छाटा. पहिला पाऊस पडून जमीन ओली झाली की लावा आणि दोन महिने मेलेले कोंब बदलत राहा. फटी राहिल्या की पाणी तिथूनच घळ पाडतं. उन्हाळ्यात लावून टँकरने जगवणं म्हणजे काठाला पुन्हा पाणी पाजणंच.

आता मगरी. (सुसर नव्हे. विश्वामित्रीत आहे ती मगर.) ती काठाच्या मातीतच बिळं करते आणि पाण्यापासून थोडं वर, कोरड्या उतारावर खड्डा करून अंडी घालते. अंडी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, पिल्लं सुमारे दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर. आपल्याकडे काठाचं काम याच महिन्यांत चालतं. मगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे काठाला हात लावायच्या आधी वन खात्याची पाहणी करून घ्यावीच लागते. ही पाहणी पाऊस संपल्यावर नोव्हेंबरमध्ये झाली, तर जानेवारीअखेर पायथ्याचं काम उरकता येतं. एप्रिलमध्ये अर्ज केला तर कामही अडकतं आणि घरटंही जातं.

आराखड्यात मध्ये मध्ये मातीचा मोकळा उतार सोडायला सांगा, शक्यतो आतल्या वळणाला, जिथे मारा नाही. आणि काठावर पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या करू नका. पायऱ्या झाल्या की लोक धुणं, निर्माल्य घेऊन उतरतात, आणि उन्हाला मगरही तिथेच येऊन पडते.

कोतराबद्दल: २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीबाबत जो निकाल दिला त्यात नदीचा पट आखून तो राखण्यावर भर आहे. त्या आधारावर, जुना सर्व्हे नकाशा आणि जुनी उपग्रह चित्रं जोडून अर्ज करा. पण मनाने जेसीबी आणून भर उकरू नका. भरलेली माती सैल असते, एका बाजूने उकरलं की शेजारच्या इमारतीखालून सरकते.

पंपवाला_काका

चेंबरमधून येणाऱ्या पाण्याचं राहूनच गेलं. तुमच्या पावसाळी गटाराचं तोंड नदीत काठाच्या बऱ्याच खाली उघडतं. नदी त्या तोंडाच्या वर चढली की पाइप उलटा चालतो. काठ अजून दोन-तीन मीटर कोरडा असतो आणि आतलं सगळ्यात खोल चेंबर उकळू लागतं.

उपाय म्हणजे तोंडावर एकमार्गी झडप. पण झडप मिटली की आतला पाऊसही आत कोंडला. एक हेक्टर, तासाला ५० मिमी पाऊस, ८० टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर तासाला ४०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला १११ लिटर. ५ एचपीचा पंप ८ मीटर उचलून सेकंदाला २० ते २५ लिटर देतो. पाच पंप लागतील, नाहीतर काही वेळ पाणी धरायला खड्डा. पंपाचं पॅनेल आणि जनरेटर २०२४ च्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. तळमजल्यात बसवलेलं पॅनेल आपत्तीत सगळ्यात आधी बुडतं.

आणि काळाघोड्याचे फूट तुमच्या दाराचे फूट नव्हेत. तुम्ही वरच्या अंगाला आहात, पाण्याला उतार असतो. गेटच्या खांबावर फुटापट्टी रंगवा. लेव्हलवाल्याला एकदा बोलावून, झडपेचं तोंड, सगळ्यात खोल चेंबर, काठाचा माथा आणि जनरेटरचा कट्टा या चारांच्या पातळ्या त्याच पट्टीवर आखून घ्या. पुढच्या पुरात काळाघोड्याचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा दर तासाला वेळेसह लिहा. एका पावसाळ्यात तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होतं: तिथे इतके झाले की इथे झडप मिटते, इतके झाले की गाड्या काढायच्या.

काठावरचा_बडोदेकर

सगळ्यांचे आभार. पावसाला दोन महिने राहिलेत, फंड मर्यादित. यंदा नक्की काय करावं?

दगडमाती

पन्हाळी वळवा, भेग मातीने बंद करा, खुंट्या ठोका, पार्किंग हलवा. झडप बसवा. माती-तपासणी आणि पायथ्याचं डिझाइन करून घ्या, काम पावसाळ्यानंतर. आत्ता घाईने पायथा उकरलात तर अर्धवट उघडा काठ घेऊन पुराला सामोरे जाल.

पंपवाला_काका

झडपेबद्दल एक. बसवून विसरू नका. पाण्याच्या बाटलीचं एक झाकण कडेला अडकलं तरी ती पुरती मिटत नाही. तिच्या आतल्या बाजूच्या चेंबरला जाळी हवी. नदीकडून तोंडापाशी उतरायचं नाही, मगरींमुळे. आतल्या चेंबरमधून झडपेला नायलॉनची दोरी बांधून ठेवा. पावसाळ्यात दर आठवड्याला, नदी खाली असताना, दोरीने उघडून सोडून द्या. थप्प असा भरीव आवाज आला तर बसली. खडखडली तर बिजागरीत रेती आहे.